८×४२ की १०×४२?

ताडोबाला जायच्या आधी दुर्बीण घ्यायची आहे आणि गाडी या दोन आकड्यांवर अडलीय, असं एका मैत्रिणीचं झालंय. पहिला आकडा वर्धन, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते; दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिमीमध्ये. खोक्यावरचं ‘एचडी’, ‘प्रो’ बाजूला ठेवू.

उजेडाचं गणित सोपं: भिंगाचा व्यास भागिले वर्धन. आठमधून ५.२५ मिमीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, दहामधून ४.२ चा. भर दुपारी फरक कळत नाही, कारण बाहुलीच दोन-तीन मिमीवर आकसलेली असते. पहाटे बांबूच्या सावलीत मात्र आठमधलं चित्र उजळ दिसतं.

दहामधून हाताची थरथरही दहापट वाढून दिसते; त्यात जिप्सीचं इंजिन चालू असेल तर विचारूच नका. शिवाय आठचं दृश्यक्षेत्र सहसा मोठं, उडता पक्षी चटकन सापडतो. चष्मेवाल्यांनाही तीच सोयीची.

दहाची बाजू एकच, पण भक्कम: तपशील. शिवडीच्या चिखलात लांबवर चरणारा रोहित (फ्लेमिंगो) लहान जातीचा की मोठ्या, हे चोचीच्या रंगावरून ओळखायला ती हवी.

एकाच मॉडेलमध्ये किंमत, वजन जवळपास सारखं.

जंगल सफारी, दाट झाडी: आठ. खाडी, माळरान, धरणकाठ, आणि हात स्थिर: दहा. ताडोबासाठी मी आठच घेईन.