उलव्याच्या साइटवर मटेरियल ॲप: आठ महिन्यांनंतर

नवी मुंबईत उलव्याला आमच्या सात मजली इमारतीचं बांधकाम चालू आहे. जूनपासून तिथे मालाची आवक-जावक ॲपवर नोंदवतो. त्याआधी स्टोअरचं रजिस्टर आणि व्हॉट्सॲपवर चलनांचे फोटो. हिशेब लागायचा महिनाअखेरीस, तोवर माल स्लॅबमध्ये गेलेला.

खरा फरक पडला लोखंडात. ऑगस्टमध्ये कळंबोलीहून 12 एमएम जाडीच्या सळईची गाडी आली. चलन 9 टन, वजनकाट्याची पावतीही 9 टन. या सळईचं वजन मीटरला 0.888 किलो, म्हणजे 12 मीटरची एक सळई 10.66 किलो. हिशेबाने 844 नग यायला हवेत, मोजले तर 820. चोरी नव्हती. सळईच सुमारे 3 टक्के जड होती, आणि सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 1786) या मापाला वजन 5 टक्के कमी-जास्त चालतं. पैसे आपण वजनाचे देतो, कामाला लागते लांबी. एका गाडीत 288 मीटर गेले. पूर्वी असं बीबीएसला, म्हणजे सळई कापण्या-वाकवण्याच्या तक्त्याला, लोखंड कमी पडलं की वेस्टेजचा ठपका फिटरवर यायचा. मीही ठेवलाय, त्याचं आजही वाईट वाटतं. आता गेटवर वजन आणि नग दोन्ही टाकल्याशिवाय एंट्री पुढे जात नाही.

ॲपवर नोंदवलेल्या हीट नंबरचाही (कारखान्यातल्या पोलादाच्या घाण्याचा नंबर) उपयोग झाला. आरसीसी कन्सल्टंटनी चौथ्या स्लॅबच्या लोखंडाचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं, ते दोन मिनिटांत निघालं. सिमेंटच्या थप्प्यांना तारखा लागल्यामुळे जुनी गोण आधी उचलली जाते. पावसाळ्यात हे फार गरजेचं, तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद उतरते.

क्रश सँडला (दगड फोडून केलेली रेती) मात्र ॲप कामाचं नाही. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, पण ओली रेती फुगते आणि तेवढ्याच मापात माल कमी भरतो. ॲपमध्ये ओलाव्याचा रकानाच नाही. आम्ही टेप लावून गाडीचा हौदा मोजतो आणि ओलावा वहीत लिहितो. जुलैत नेटवर्क गेलं तेव्हा दोन दिवसांच्या ऑफलाइन नोंदी उडाल्या; स्टोअरकीपरने कार्बन कॉपीची चलनं जपली होती म्हणून वाचलो. त्या चलनांची फाइल आम्ही बंद केलेली नाही.

पुढच्या महिन्यात करंजाड्याचं काम सुरू होतंय. तिथेही हेच ॲप घेतोय, फक्त रेती पहिल्या गाडीपासून वजनावर.