गरोदरपणातली छातीतली जळजळ आणि धोक्याची कळ: फरक कसा ओळखाल

जळजळ बहुतेकींना होते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते, वाढते गर्भाशय जठर वर ढकलते आणि आम्ल घशाशी येते. जेवल्यावर, वाकल्यावर, आडवे झाल्यावर ती वाढते. रात्री शागुती किंवा आंबटतिखासारखे गोव्याचे मसालेदार कालवण खाऊन लगेच झोपलात तर होणारच! जेवण आणि झोप यांत 3 तास ठेवा, खाटेचे उशाकडचे पाय विटांवर 15 सेंमी उचला, डाव्या कुशीवर झोपा. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडते आणि त्रास वाढतो. खाण्याचा सोडा नको, त्यात सोडियम फार. डॉक्टरांनी दिलेले अँटासिड आणि लोहाची गोळी यांत 2 तासांचे अंतर हवे, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

धोक्याच्या कळीचा जेवणाशी सहसा संबंध नसतो. ती अचानक येते, श्वास घेताना टोचते, सोबत धाप किंवा एका पायाला सूज असते: फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याची शंका घ्या. दाबल्यासारखी वेदना हात-जबड्यात उतरली, घाम फुटला, तर हृदय तपासायला हवे. विसाव्या आठवड्यानंतर उजव्या बरगडीखाली दुखणे, डोके ठणकणे, रक्तदाब 140/90 किंवा जास्त, हे प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला वाढत्या रक्तदाबाचा धोकादायक विकार) असू शकते. अशा कळीला पित्त समजून सोलकढी पाजत बसू नये. 108 ला फोन करा, गोव्यात असाल तर बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या. बाळंतपणानंतरचे 6 आठवडेही गुठळीचा धोका राहतो.