कापडी ग्रो बॅग, कोकोपीट आणि मुंबईचं पाणी: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा सगळं वापरून झाल्यावर

ज्यांना फक्त घ्यायचं की नाही एवढंच बघायचंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. कापडी बॅगा परत घेईन पण मोठ्याच, छोट्या नको. तयार पॉटिंग मिक्स परत घेणार नाही. पाण्यात विरघळणारं खत चांगलं आहे पण पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्याने. आणि मुंबईत राहून कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) वापरणार असाल तर कॅल्शियम नायट्रेटची (कॅल्शियम देणारं विरघळणारं खत) पुडी त्याच दिवशी घ्या, नंतर बघू म्हणू नका. आता सविस्तर, वेळ असेल तर वाचा.

आमचं घर मुलुंडला, चौथा मजला, गॅलरी दक्षिणेला आणि ग्रिल बाहेर काढलेलं. टोमॅटो, ज्वाला मिरची, एक वांगं, पुदिना आणि कढीपत्ता एवढाच पसारा. आधी सगळं प्लास्टिकच्या कुंड्यांत लाल मातीत होतं. लाल माती वाईट नाही, पण कुंडीत दोन-तीन महिन्यांत ती अशी बसते की वरून घातलेलं पाणी कडेकडेने खाली पळतं आणि मधला गड्डा कोरडाच, आपल्याला वाटतं पाणी पोचलं. दुसरं म्हणजे वजन. १२ बाय १२ इंचाची बॅग म्हणजे साधारण २२ लिटर, ती लाल मातीने भरून भिजवली तर ३०-३५ किलोच्या घरात जाते, आणि अशा पाच-सहा ग्रिलवर ठेवायच्या म्हटल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आधी मलाच झोप लागली नसती. कोकोपीट आणि गांडूळखताचं मिक्स भरलं तर भिजवून सुद्धा निम्म्याच्या आसपास राहतं. म्हणून हा सगळा खटाटोप.

बॅगा घेतल्या २०२५ च्या मे महिन्यात, म्हटलं पावसाच्या आधी दोन आठवडे रोपं रुजतील, तर त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन बसला, नेहमीची तारीख ११ जून. त्यामुळे बॅगांची पहिली परीक्षाच पावसाची झाली आणि खरं सांगायचं तर तिथेच त्या पास झाल्या. कुंडीत पावसाळ्यात मिरचीची मुळं सडतात हे ज्यांनी मिरची लावलीय त्यांना सांगायला नको. कापडातून पाणी सगळ्या बाजूंनी निघून जातं, हवा आत जाते, मूळ कडेपर्यंत आलं की हवा लागून टोक सुकतं आणि मागून नवी बारीक मुळं फुटतात, त्यामुळे कुंडीसारखा मुळांचा गोल गोल गुंता होत नाही. जुलैत सलग पाऊस लागला तेव्हा प्लास्टिकच्या कुंडीतली मिरची पिवळी पडून गेली, बॅगेतल्या राहिल्या. कापडावर बाहेरून हिरवं शेवाळ धरतं, दिसायला घाण दिसतं, झाडाला काही होत नाही. हां, पावसात खत मात्र टिकत नाही, विरघळणारं खत घाला की पुढच्या सरीला खालच्या मजल्यावर. त्या चार महिन्यांत मी फक्त निंबोळी पेंड आणि महिन्याला मूठ मूठ गांडूळखत दिलं, बाकी काही नाही.

आता तयार पॉटिंग मिक्स. ऑनलाइन मागवलं होतं, पिशवीवर बाग फुललेली वगैरे. आत बघितलं तर बहुतेक कोकोपीटच, वर थोडं गांडूळखत भुरभुरवल्यासारखं, आणि भिजवल्यावर खालून निघालेलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. कोकोपीट नीट धुतलेलं नसलं की असं होतं, नारळाच्या सालीत मीठ आणि पोटॅश मुळातच असतं, धुतलं नाही तर ते सगळं आपल्या रोपाच्या मुळाशी. त्यापेक्षा ५ किलोचा ब्लॉक घ्या, फुगून ६० ते ७० लिटर होतो, आणि पाकिटावर लो ईसी (ईसी म्हणजे क्षार किती त्याचं माप) किंवा वॉश्ड लिहिलंय का बघा. हे ब्लॉक बहुतेक तमिळनाडूतून येतात, पोल्लाचीच्या बाजूला याचा मोठा धंदा आहे. घरी आणल्यावर सुद्धा मी दोनदा साध्या पाण्याने धुते आणि मग बादलीभर पाण्यात मूठभर कॅल्शियम नायट्रेट टाकून रात्रभर भिजवते, सकाळी ते पाणी काढून टाकायचं. का, तर कोकोपीटचा स्वभावच असा आहे की ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅशियम, सोडियम सोडतं. त्याचं पोट आधी भरलं की मग आपण दिलेलं झाडाला मिळतं. माझं मिक्स आता असं आहे, निम्मं कोकोपीट, पाव गांडूळखत, उरलेल्या पावात थोडी लाल माती आणि थोडं परलाइट (मिक्स भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), बॅगेमागे एक मूठ निंबोळी पेंड. लाल माती पूर्ण काढू नका, बाबा (माझे सासरे, अलिबागकडचे, आयुष्यभर शेती केलेले) तर म्हणतात, "अगं, माती नसेल तर झाड उभं कशावर राहणार, भुश्यावर?" थोडी माती असली की पाणी जरा धरून राहतं हे त्यांचं म्हणणं उन्हाळ्यात पटलं.

आता येते मुख्य गोष्टीवर. आपलं मुंबईचं पाणी. तानसा, भातसा, मोडक सागर, वैतरणेची दोन धरणं, विहार, तुळशी, सगळं पावसाचं साठवलेलं पाणी, बहुतेक भांडुपला शुद्ध होऊन नळाला येतं. प्यायला, डाळ शिजायला एक नंबर, कारण ते मऊ आहे, क्षार कमी. पण मऊ म्हणजे त्यात कॅल्शियमही कमी. मातीत लावलं तर माती ते भरून काढते. कोकोपीटमध्ये आधीच कॅल्शियम नाही, पाण्यातही नाही, मग टोमॅटोला मिळणार कुठून. नोव्हेंबरात टोमॅटो धरले, मस्त हिरवे गोल, आणि लिंबाएवढे झाल्यावर एकेकाचं बूड काळं पडायला लागलं, चपटं, चामड्यासारखं. कीड नाही, बुरशी नाही, औषध मारून काही उपयोग नाही, हे कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत न पोचल्याचं लक्षण. आणि कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच चढतं, त्यामुळे एक दिवस कोरडं एक दिवस चिंब असं पाणी दिलं तरी हेच होतं. काळी पडलेली फळं परत चांगली होत नाहीत, ती तोडून टाकायची. मी पाणी रोज ठरल्या वेळी द्यायला लागले आणि आठवड्यातून एकदा लिटरला १ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, त्यानंतरच्या घोसात एखाद-दुसरंच काळं निघालं. अंड्याची टरफलं घाला म्हणून सगळे सांगतात, घाला, कंपोस्टला चांगली आहेत, पण ती विरघळायला इतका वेळ लागतो की या सीझनचा टोमॅटो तोवर संपलेला असतो.

ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांची गोष्ट उलटी. टँकरचं पाणी बहुतेक वेळा विहिरीचं किंवा बोअरचं, त्यात क्षार जास्त. आमच्याकडे पाणीकपातीत काही दिवस टँकर होता तेव्हा बॅगेच्या बाहेरच्या बाजूला पांढरी खपली धरली. कापडातून पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. अशा वेळी खत बंद आणि खालून भरपूर निघेपर्यंत साधं पाणी, एवढंच.

खत. मी वापरते ते १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखं), आरसीएफचं सुजला मिळालं, चेंबूरचीच कंपनी म्हणून उगाच आपलेपणा वाटतो. पाकिटावरचं प्रमाण शेतासाठी असतं, बॅगेत २२ लिटर मिक्समध्ये ते पळून कुठे जाणार, म्हणून आठवड्याला लिटरला १ ग्रॅम, तेही ओल्या मिक्सवरच, कोरड्यावर घातलं तर पानांच्या कडा जळतात. फुलं लागली की नत्र कमी करून ०:५२:३४ दोनदा दिलं. महत्त्वाचं म्हणजे कॅल्शियम नायट्रेट आणि १९:१९:१९ एका बाटलीत कालवू नका, दह्यासारखं पांढरं फाटतं आणि तळाला बसतं, दोन्ही वाया. वेगवेगळ्या दिवशी द्या. मॅग्नेशियम सल्फेटही कॅल्शियमसोबत घट्ट कालवायचं नाही, तोच प्रकार. जीवामृत पण करून बघितलं, झाडाला आवडतं यात शंका नाही, पण बंद फ्लॅटमध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवत ठेवणं म्हणजे घरच्यांशी भांडण घेणं, गावी ठीक आहे.

एक गंमत सांगते. कोकोपीटला किती पाणी, किती खत, ईसी किती, हे शोधायला गेलं की निम्मी माहिती परदेशातल्या गांजा लावणाऱ्यांची निघते. तंबू, दिवे, कापडी कुंड्या, सगळं त्यांच्याकडे मोजून मापून. तिकडे काही ठिकाणी चालतं, आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गांजाची लागवड गुन्हा आहे, १० वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गॅलरीतली कुंडी म्हणून सूट वगैरे काही नाही, तेव्हा कोणी डोकं चालवू नका. पण त्यांची एक सवय मी उचलली आणि ती या सगळ्यात सगळ्यात कामाची ठरली, बॅग उचलून बघायची. भरपूर पाणी दिल्यावर एकदा उचलायची, वजन हाताला लक्षात ठेवायचं, मग रोज सकाळी एका कडेने जरा उचलून बघायचं. हलकी लागली की पाणी, जड लागली की नाही. वरचा थर मुंबईत फसवतो, कापडी बॅगेचा वरचा इंचभर दुपारपर्यंत कोरडा दिसतो आणि आत ओल असते, बोट घालून बघणाऱ्यांना त्यामुळे रोज तहानलेलीच वाटते.

पण सकाळी एकदाच बघणं हे थंडीपुरतं. ऑक्टोबर हीटमध्ये आणि मग फेब्रुवारी-मार्चात पूर्वेकडून ते कोरडे गरम वारे सुटतात तेव्हा बॅगेला दिवसातून दोनदा पाणी लागतं, आणि ९ इंची बॅग तर अक्षरशः दुपारी मान टाकते. म्हणून म्हटलं छोट्या घेऊ नका. ९ बाय ९ मध्ये जेमतेम साडेनऊ लिटर माल, पुदिन्याला ठीक, मिरचीला नाही, टोमॅटोला तर अजिबात नाही. गावी जाताना म्हणून ड्रिपचं छोटं किट घेतलं, बॅटरीच्या पंपाचं, बादलीतून पाणी खेचणारं. चालतं. दोन गोष्टी सांभाळा, बादली बॅगांपेक्षा खालच्या पातळीवर ठेवा, नाहीतर पंप बंद झाला तरी पाणी आपोआप ओढलं जात राहतं आणि बादली रिकामी, खालच्या काकूंची वाळत घातलेली चादर ओली. आणि त्या बादलीत गांडूळखताचं पाणी घालू नका, नळीची टोकं बुजतात. नळाला लावायचे टायमरवाले किट आमच्याकडे उपयोगाचे नाहीत, टाकीच्या पाण्याला तेवढा जोर नसतो.

खालच्या काकूंवरून आठवलं, बॅगेखाली ताटली लागतेच, कापडातून सगळीकडून गळतं. पण ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही, डेंग्यूचा डास नेमका असल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार. पालिकेची माणसं पावसाळ्यात घरात येऊन कुंड्यांच्या ताटल्या बघतात, नोटीस देतात, आणि बरोबरच करतात. मी ताटलीत विटेचे तुकडे ठेवून बॅग उचलून धरलीय आणि आठवड्यातून एकदा ताटली पुसते.

किडीबद्दल थोडक्यात. मिरचीवर बोकड्या आला, पानं वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, एवढं बघून मग फवारा. निंबोळी तेल लिटरला ५ मिली आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड, संध्याकाळी. पिठ्या ढेकूण वांग्यावर आला, वांगं उपटून टाकलं, त्याच्याशी झगडण्याएवढं वांगं महाग नाही. कोकोपीटवर बारीक काळी चिलटं फिरायला लागली तर पाणी जास्त होतंय समजा.

टोमॅटोबद्दल एक, उन्हाळ्यात मुंबईत त्याच्या मागे लागू नका. रात्री गरम असल्या की फुलं गळतात, खत वाढवून काही होत नाही. सप्टेंबरच्या शेवटी रोपं करा, थंडीत फळ धरेल. दक्षिणेच्या गॅलरीला फायदा हा की थंडीत सूर्य खाली दक्षिणेकडे असतो, ऊन थेट आत येतं, मे महिन्यात तो डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब सगळं अडवतो, बाहेर कडक ऊन आणि आपल्या झाडाला सावली.

बॅगांची अवस्था आता अशी आहे, जाड कापडाच्या ज्या होत्या त्यांची शिवण धड आहे, रंग उडालाय, एकीचा कान उचलताना उसवला, जाड दोऱ्याने शिवला. त्याच ऑर्डरमध्ये आलेली हिरवी प्लास्टिकची विणलेली बॅग मात्र उन्हाने तडकून हातात भुगा यायला लागला, तिचे धागे अजून गॅलरीत सापडतात. कापडी १२ इंची मला शंभर-सव्वाशेच्या आसपास पडली. पुढच्या खेपेला टोमॅटोसाठी १५ इंची घेणार आहे, फक्त ग्रिलवर नाही, आत लादीवर भिंतीला लागून. मिक्स जुनंच वापरणार, मुळं काढून, एकदा धुवून, पाव भाग नवं गांडूळखत घालून. कोणी १५ इंची ग्रिलवर ठेवली असेल आणि ग्रिलला काय आधार दिला ते सांगितलं तर बरं होईल, आमच्याकडे वेल्डिंगवाला अजून येतो येतो म्हणतोय.