हात लोंबते ठेवावेत की लांब करावेत? गोल्फच्या पवित्र्यातील दोन पद्धतींची तुलना

गोल्फमध्ये चेंडूमागे क्लब (गोल्फची काठी) टेकवून उभे राहताना हात आणि मनगटे कोठे असावीत, या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे दिली जातात आणि दोन्ही उत्तरांनुसार खेळून थोर झालेले खेळाडू आहेत. पहिल्या पद्धतीत कमरेतून पुढे झुकल्यावर हात खांद्यांखाली आपल्या वजनाने लोंबू दिले जातात, त्यामुळे बाजूने पाहणाऱ्याला हात आणि शाफ्ट (क्लबचा दांडा) यांच्यात स्पष्ट कोन दिसतो. दुसऱ्या पद्धतीत मनगटे उंचावून हात चेंडूच्या दिशेने लांब केले जातात, इतके की शाफ्ट आणि कोपरापुढील हात जवळजवळ एका रेषेत येतात. कॅनडाचे मो नॉर्मन याच एकरेषेच्या पद्धतीने 1955 आणि 1956 साली कॅनडाची हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकले, आणि 2020 व 2024 साली यूएस ओपन ही मोठी स्पर्धा जिंकणारे अमेरिकेचे ब्रायसन डीशॅम्बो यांचा पवित्राही याच घराण्यातला आहे.

एकरेषेच्या पद्धतीचा युक्तिवाद भक्कम आहे. चेंडूवर प्रहार होतो त्या क्षणी बहुतेक खेळाडूंचे हात सुरुवातीच्या जागेपेक्षा थोडे वर आलेले असतात, कारण वेगाने फिरणारे क्लबचे डोके (चेंडूला लागणारा खालचा भाग) बाहेर ओढ घेते आणि मनगटे करंगळीच्या बाजूला सरळ होतात. मग ज्या स्थितीत परतायचे आहे तीच स्थिती आरंभी का घेऊ नये, असा हा विचार आहे. ज्याचा फटका कधी क्लबच्या टाचेकडे (डोक्याच्या शाफ्टजवळच्या बाजूला) तर कधी टोकाकडे (डोक्याच्या लांबच्या बाजूला) लागतो, त्याला हा विचार साहजिकच आकर्षक वाटतो.

परंतु ही पद्धत केवळ मनगटे उचलून साध्य होत नाही, आणि येथेच अनेकांची फसगत होते. हँडल (क्लब धरायचा भाग) वर गेले की क्लबची टाच जमिनीवरून उचलली जाते आणि क्लबचा चेहरा (चेंडूवर आदळणारी सपाट बाजू) उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजवीकडे वळतो. क्लबचा लॉफ्ट (चेहऱ्याचा मागे कललेला कोन) जितका जास्त, तितका हा परिणाम मोठा, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांसाठीच्या वेज या क्लबवर सर्वाधिक. त्यामुळे शाफ्टचा कोन अधिक उभा असलेले क्लब करून घ्यावे लागतात. पकड बोटांऐवजी तळहातात जाते आणि त्यासाठी बहुधा जाड ग्रिप (हँडलवरील आवरण) लागते. डीशॅम्बो यांनी ती विजेतेपदे एकाच लांबीचे आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचे क्लब) आणि जाड ग्रिप वापरून मिळवली, हे विसरून केवळ त्यांच्या हातांची नक्कल करणे मला धोक्याचे वाटते. शिवाय तळहातातल्या पकडीत मनगटांची घडी कमी होते. डीशॅम्बो यांचा अफाट वेग पाहून कोणी म्हणेल की त्याने काही बिघडत नाही, पण तो वेग त्यांनी शरीराच्या ताकदीतून आणि फिरण्यातून मिळवलेला आहे.

लोंबत्या हातांच्या पद्धतीत खांदे सैल राहतात, पकड बोटांत बसते, मनगटे सहज वळतात आणि नेहमीचे क्लब चालतात. हँडल आणि मांडी यांच्यात वेजसाठी साधारण मूठभर आणि ड्रायव्हर या सर्वांत लांब फटक्याच्या क्लबसाठी सुमारे वीतभर अंतर राहते. तिचा दोष वेगळा आहे: हात फारच खाली आणि अंगाजवळ गेले, तर क्लबचे टोक वर उचलले जाऊन चेहरा डावीकडे पाहू लागतो आणि डाउनस्विंगमध्ये (क्लब चेंडूकडे खाली आणताना) हातांना वाट मिळावी म्हणून शरीर वर उठते. याची परीक्षा सोपी आहे. पवित्रा घेतल्यावर उजवा हात ग्रिपवरून सोडून सैल लोंबू द्यावा. तो मांडीकडे आत झुलला तर आपण हात लांब करत होतो, बाहेर गेला तर ते आखडले होते, आणि डाव्या हाताशेजारीच थांबला तर जागा योग्य आहे.

ज्याला आठवड्यातून एखादेच वेळी खेळायला मिळते आणि ज्याचे क्लब नेहमीच्या मापाचे आहेत, त्याने लोंबते हातच निवडावेत असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या मनगटांची हालचाल मुळात मर्यादित आहे, ज्याला अंतरापेक्षा सरळपणा अधिक हवा आहे, आणि ज्याची क्लब बदलण्याची व काही महिने नवा पवित्रा अंगवळणी पाडण्याची तयारी आहे, त्याने एकरेषेची पद्धत जाणकार प्रशिक्षकाच्या नजरेखाली जरूर आजमावावी. दोहोंच्या मधली जागा, म्हणजे लोंबत्या हातांच्या पकडीवर उंचावलेली मनगटे, मात्र टाळावी. तीत दोन्हींचे तोटे एकत्र येतात.

एक अपवाद मी आवर्जून नोंदवतो. हिरवळीच्या (छिद्राभोवतीच्या बारीक गवताच्या) कडेवरून मारायच्या छोट्या चिपमध्ये, म्हणजे चेंडू थोडासा उचलणाऱ्या फटक्यात, पटिंगसारखी (चेंडू छिद्राकडे घरंगळवताना करतात तशी) मनगटे उंच करून, चेंडूजवळ उभे राहून आणि टाच किंचित उचलून खेळले, तर मनगटांची नको असलेली हालचाल थांबते आणि क्लब गवतात कमी अडकतो. पूर्ण फटक्यासाठी लोंबते हात निवडणाऱ्यानेही एवढ्यापुरती ही युक्ती निःसंकोच घ्यावी, कारण येथे वेग इतका कमी असतो की चेहरा थोडा उजवीकडे वळला तरी आरंभीच नेम डावीकडे धरून ते भरून काढता येते.