आरडी ३५०: दीड वर्ष बदल वापरले, मग ते उतरवून गाडी विकली

गाडी मागच्या महिन्यात विकली. १९८६ची राजदूत ३५०, म्हणजे आपली आरडी. एकोणीस वर्षं माझ्याकडे होती. त्यातल्या शेवटच्या दीड वर्षात तिच्यावर तीन बदल केले: इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढे डिस्क ब्रेक आणि एक्स्पान्शन चेंबर (सायलेन्सरच्या जागी बसणाऱ्या फुगीर नळ्या). तिन्ही "पाहिजे तेव्हा काढता येतात" या बोलीवर बसवलेले. विकायच्या वेळेपर्यंत तिन्ही खरोखरच काढले, म्हणून लिहितोय. बसवल्याचे अनुभव पुष्कळ जण सांगतात, काढल्याचे फारसे कोणी सांगत नाही.

गाडी माहीत नसलेल्यांसाठी: ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सहा गिअर. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८३ पासून इथे बनवली. आधीची हाय टॉर्क ३०.५ अश्वशक्तीची, नंतरची लो टॉर्क २७ची. माझी लो टॉर्क. जपानी आरडी ३५०ला पुढे डिस्क होती, आपल्याकडची ड्रम घेऊन आली.

इग्निशनवरचा खर्च सगळ्यात सत्कारणी लागला. मूळ गाडीत दोन सिलिंडरना दोन पॉइंट, म्हणजे ठिणगी नेमक्या क्षणी पडावी म्हणून उघडझाप करणारे संपर्क. गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवायचा, मग प्लग काढून त्या भोकात डायल गेज बसवायचा आणि पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या किती आधी पॉइंट उघडतोय ते बघायचं. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं, आणि तुमची आणखी एक रविवार सकाळ जाते. सीडीआय (म्हणजे तेच इलेक्ट्रॉनिक इग्निशन, त्यात पॉइंट नसतात) बसवल्यापासून माझा गेज कपाटातून बाहेर आला नाही. फक्त एक काळजी घेतली. इलेक्ट्रिशियन म्हणत होता, "वायर कापून जोडतो साहेब, पाच मिनिटांचं काम." मी कापू दिली नाही. मूळ वायरिंगला बसतील असे कप्लर, म्हणजे काढघाल करता येणारे जोड, शोधून आणले. पाच मिनिटांचं काम दीड तास चाललं.

डिस्क ब्रेकच्या बाबतीत "काढता येतो" हे अर्धसत्य आहे. दुसऱ्या गाडीचा अख्खा फोर्क येतो, त्याचा दांडा वेगळा, बेअरिंग वेगळं. मेकॅनिकने ग्राइंडर हातात घेऊनच विचारलं, "चेसिसचा हा कान थोडा घासू का? लगेच बसेल." तो कान म्हणजे हँडल पूर्ण वळलं तरी टाकीवर आपटू नये म्हणून दिलेला स्टॉपर. एकदा घासला की गेला. लेथवाल्याकडे तीन चकरा मारून बुश करून घेतले, पण चेसिसला ग्राइंडर लावू दिला नाही. ब्रेक मात्र झकास झाला. कात्रजचा जुना घाट उतरताना दोन बोटं पुरायची. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी पुस्तक जुळणार नाही असा बदल करू नये, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. ब्रेक त्यात येतो की नाही यावर तावातावाने बोलणारे भेटतात. मला तो वाद गिऱ्हाइकासमोर नको होता.

एक्स्पान्शन चेंबर चार महिन्यांत उतरवले. मधे फुगलेल्या त्या नळीत दाबाची लाट उलटी फिरते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते, पण ते ठरावीक आरपीएमलाच. त्याखाली गाडी मेंगळट. ताम्हिणीला पहाटे मजा, कर्वे रोडला शिक्षा. कार्ब्युरेटरचा मेन जेटही बदलावा लागतो, नाहीतर मिश्रणात पेट्रोल कमी पडून पिस्टन सिलिंडरमध्ये अडकायची भीती. आणि पार्किंगच्या खांबावर चिठ्ठी लागली: "कृपया आपले वाहन गेटबाहेर नेऊन चालू करावे. आम्हांस कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत." सही नव्हती, पण अक्षर मला ओळखू आलं.

आता उतरवण्याचं. माळ्यावर जुने सुटे भाग तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळले होते, जेट औषधाच्या बाटलीत चिठ्ठी घालून. तरी दोन गोष्टी चुकल्या. मूळ सायलेन्सर क्रोमला दिले होते. दुकानाने (नाव घेत नाही) बफिंग इतकं केलं की कडा गोल झाल्या. दुसरी चूक माझीच. पुढच्या ड्रममध्ये दोन कॅम असतात आणि त्यांना जोडणारी एक दांडी बाहेर दिसते. माळ्यावर टाकताना मी तिची सेटिंग हलवली होती. बसवल्यावर ब्रेक नुसता नावाला. दोन्ही लायनर एकदम टेकले पाहिजेत, हे समजून दांडी जुळवण्यात एक आख्खा शनिवार गेला. नवी केबल नाना पेठेत मिळाली.

कागदांचं वेगळं. तीन अक्षरी जुना नंबर ऑनलाइन नव्हता. आधी ती नोंद करून घेतली, मग पर्यावरण कर, पाच वर्षांची पुनर्नोंदणी, एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी. जाहिरात द्यायच्या आधीच हे उरका.

पहिल्या गिऱ्हाइकाला फक्त चेंबर हवे होते, गाडी त्यासोबत फुकट असल्यासारखा बोलत होता. दुसऱ्याला तिची शोभेची वस्तू करायची होती. तिसरे कोल्हापूरचे बापलेक. मुलाने मोबाइलचा टॉर्च लावून आधी स्टॉपरचा कान बघितला, मग वायरिंग. तिथेच मला समजलं, गिऱ्हाईक हेच. वडील तरुणपणी हीच गाडी चालवलेले. त्यांनी चोक ओढून किक मारली, पॉइंटवर गाडी चौथ्या किकला पेटली. मुलगा हळूच म्हणाला, "काका, ते सीडीआय बसवून द्या की."

कप्लर होते म्हणून अर्ध्या तासात त्यांच्यासमोरच बसवून दिलं. पहिल्या किकला पेटली. वडील नाराज. "पॉइंटची प्लेट खोक्यात घाल रे, घरी गेल्यावर मी लावतो." मग माझ्या डायल गेजकडे बोट दाखवून, "ह्याचं काय घेणार?" गेज सौद्यात नव्हता. त्याचे वेगळे पैसे घेतले.

टेम्पोत चढवून दोरखंड बांधायच्या आधी त्यांना पुन्हा एकदा आवाज ऐकायचा होता. दोघांनी गाडी ढकलत गेटबाहेर नेली आणि मग चालू केली. खांबावरची चिठ्ठी त्यांनी वाचली होती.