एक्सल नट जाम आहे सांगून साडेसोळा हजारांचं बिल, जुनी गाडी असेल तर वाचा

गोव्यात जुनी गाडी वापरणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, खास करून मोरजी, मांद्रे, हरमल, कळंगुट असं किनाऱ्याला राहणाऱ्यांसाठी. आपल्या गाड्या गंजतात हे गॅरेजवाल्यांना चांगलं माहीत आहे आणि आता काहीजण त्या गंजाच्या नावावरच पैसे काढायला लागलेत.

आमची ऑल्टो २००६ ची, बाबांनी घेतलेली. मांद्र्यात घराबाहेरच उभी असते, खारा वारा बारा महिने आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तरी इंजिन अजून एकदम ओके आहे. यंदा चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की डाव्या चाकातून टक टक टक असा आवाज यायला लागला. असा आवाज म्हणजे बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या (ड्राइव्ह शाफ्टच्या) टोकाचा वळणारा सांधा, त्याच्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, रेती-चिखल आत शिरतो आणि जॉइंटच्या गोळ्या वाजायला लागतात. म्हापशाजवळ एका गॅरेजमध्ये दाखवली, तो म्हणाला जॉइंट बदलूया, लेबर धरून तीन हजारात होईल, संध्याकाळी घेऊन जा.

दुपारी त्याचा फोन. "नट पुराय जाम जाला पात्राव." नट पूर्ण जाम झालाय साहेब. नट म्हणजे चाकाच्या मधोमध ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाला जो मोठा नट असतो ना, एक्सल नट, तो. तो काढल्याशिवाय शाफ्ट हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागातून, बाहेर येतच नाही. म्हणे नट खोलायची हवेची गन मारून बघितली, गॅसने तापवला, सुटला नाही, शेवटी ग्राइंडरने कापला, आता शाफ्टचे आटे गेलेत, बेअरिंग पण गेलंय, हब पण बदलावा लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो, काळंकुट्ट काहीतरी, आटे गेलेत की आहेत त्यात काही दिसत नाही. आणि मग खरी मेख, "गाडी रॅम्पवर उघडी आहे, शाफ्ट नाही, अशी तुम्ही नेणार कशी?" हे त्याचं खरं होतं, नट घट्ट नसताना गाडी चाकावर ढकलली तर बेअरिंगची वाट लागते, दुसरीकडे न्यायची तर क्रेन बोलवा, आणि चवथीला घरात पाहुणे यायचे. बिल झालं साडेसोळा हजार. नवा शाफ्ट असेंब्ली, नवा हब, नवं बेअरिंग आणि वर 'नट जाम एक्स्ट्रा लेबर' अशी वेगळी ओळ. शिवाय जाताना सांगितलं की उजव्या बाजूचा नट पण असाच जाम आहे, बूट चिरलाय, चवथ झाली की घेऊन या, तेवढाच खर्च येईल.

मी जुने पार्ट मागितले. मालक म्हणाला भंगारात गेले, पण तिथल्या पोराने ट्रेखालून पिशवी काढून दिली, तो शाफ्ट, नट आणि बेअरिंग आज माझ्याकडे आहे म्हणून हे सगळं ठामपणे लिहू शकतो.

आमचे मामा डिचोलीला असतात. २०१२ ला खाणी बंद पडल्या तोपर्यंत मायनिंगच्या टिपरांवर मेकॅनिक होते, गंजलेले नट काढण्यातच उभं आयुष्य गेलं. माटोळीचं (गणपतीवर बांधतात त्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान द्यायला आले तेव्हा त्यांना पिशवी दाखवली. त्यांनी कापलेला नट हातात घेतला आणि नखाने एक जागा दाखवली. या गाड्यांच्या एक्सल नटला वरती पातळ कॉलर असते, नट आवळला की ती कॉलर पंचने शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवतात म्हणजे नट आपोआप सुटत नाही. काढताना आधी छिन्नीने ती ठोकलेली कॉलर वर उचलायची असते. आमच्या नटची कॉलर खाचेत जशीच्या तशी दाबलेली, छिन्नीचा एक ओरखडा नाही!! मामा म्हणाले, "अरे बाबा, याने लॉक उघडलंच नाही, मग सुटेल कसा?" म्हणजे नट जाम होता की नव्हता हा प्रश्नच आला नाही, कुलूप न काढता दार तोडल्यासारखं काम केलंय आणि तोडलेल्या दाराचे पैसे आमच्याकडून घेतलेत.

मग मामांनी एक नवा नट आणायला लावला आणि 'आटे गेलेल्या' त्या शाफ्टवर हाताने फिरवला. ग्राइंडरचा एक बारीक चरा होता तिथे जरा अडखळला, कानस मारली, मग बोटांनीच शेवटपर्यंत गेला. शाफ्ट चांगला होता, बदलायचा होता फक्त जॉइंट. बेअरिंगचं सील एका बाजूने करपलेलं, ते गॅसच्या ज्योतीनेच, म्हणजे त्याने स्वतः जाळलेलं बेअरिंग आमच्या बिलात. आणि गाडीखाली जाऊन बघितलं तर 'नवा' शाफ्ट काळ्या रंगाखाली गंजाच्या खड्ड्यांनी भरलेला, बूटच्या रबरावर पण स्प्रेचे थेंब उडालेले. जुना माल रंगवून बसवलाय. याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण ही गाडी घेऊन आई-बाबा चोर्ल्याचा घाट चढतात.

उजवा नट मामांनी घरीच काढला, मी शेजारी उभा होतो. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे घासून डब्ल्यूडी-४० (गंज सैल करणारा स्प्रे) मारून ठेवलं, सकाळी परत मारलं. छिन्नीने कॉलर उचलली, खाच पूर्ण मोकळी झाली का ते बॅटरी मारून बघितलं. चाक जमिनीवरच, जॅक नाही (जॅकवरच्या गाडीवर असा जोर कधी लावू नका, गाडी खाली येते), मागच्या चाकांना दगड, पहिला गिअर, हँडब्रेक, आणि मी आत बसून ब्रेक दाबून. चांगला सहा कोनी सॉकेट, लांब हँडल, त्याला पाइप. हा नट आवळतानाच गाडीप्रमाणे दीडशे ते अडीचशे न्यूटन मीटरला आवळलेला असतो त्यामुळे तो घट्ट असणारच, त्याला जाम म्हणत नाहीत. मामांनी झटके न देता सरळ वजन टाकलं, कडाक् आवाज आला आणि सुटला. गॅस नाही, ग्राइंडर नाही. कधी कधी नट खरंच गंजून बसतो, मामांनीही तसे कापलेत, पण तेव्हा सुद्धा नट एका बाजूने आट्यांच्या अगदी जवळपर्यंत कापून छिन्नीने फोडतात, शाफ्टला धक्का लागत नाही. आणि बसवताना नट नवाच घ्यायचा, एकदा ठोकलेली कॉलर पुन्हा नीट धरत नाही.

तेव्हा सीव्ही जॉइंट, बूट किंवा पुढचं बेअरिंग असं काही काम निघालं तर गाडी देतानाच सांगा की नट सुटला नाही तर कापायच्या आधी, तापवायच्या आधी फोन करा, आणि कॉलर उचललेला फोटो पाठवा. हे लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी असू दे. बिलावर पार्टचं नाव, कंपनी आणि नवा की जुना ते लिहून घ्या. आमच्या बिलावर जीएसटी नंबर पण नाही, फक्त छापील नाव आणि पेनाने आकडे.

गॅरेजवाल्याला नट आणि शाफ्ट दाखवले तर म्हणतो हे आमच्याकडचे नव्हेतच. मग मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे नाही भागलं तर पर्वरीला जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्या भागात अजून कुणाला 'नट जाम' म्हणून असं बिल लावलं असेल तर जुना नट आणि पावती फेकू नका, नटची कॉलर बघा, आणि ती अजून दाबलेलीच असेल तर मला कळवा, तक्रार एकत्र करू.