मागे लागून काम करून घ्यायचं की मोकळं सोडायचं?

टीम सांभाळायची म्हटली की दोन टोकं दिसतात, एक साहेब दर तासाला "कुठवर आलं?" विचारतो आणि दुसरा काम सोपवून थेट डेडलाइनलाच उगवतो. यामागच्या समजुतींना डग्लस मॅकग्रेगर या अमेरिकन मॅनेजमेंट प्राध्यापकाने 1960 मध्येच थिअरी एक्स आणि थिअरी वाय अशी नावं दिली, एक्सवाला धरून चालतो की माणूस मुळात कामचुकार, वायवाला म्हणतो जबाबदारी दिली तर माणूस ती घेतो.

नवीन जॉइन झालेला माणूस किंवा जिथे चूक म्हणजे अपघात अशी मशीन असेल तर जवळून लक्ष ठेवणंच बरं. पण तेच अनुभवी माणसाला केलं ना, की तो स्वतःचं डोकं वापरणं बंद करतो, प्रत्येक बारीक गोष्ट विचारायला येतो आणि मग साहेबच बोंबलतो की यांना काहीच जमत नाही, अरे तूच सवय लावलीस ना!

मोकळीकवाल्यांचा घोळ वेगळा. काम देतात पण अधिकार देत नाहीत, म्हणजे जबाबदारी हाताखालच्या माणसाची आणि प्रत्येक सहीसाठी वर पळायचं. शिवाय काम सोपवलं तरी वरच्यांना उत्तर साहेबालाच द्यायचं असतं, हे सोयीस्कर विसरतात.

मला विचाराल तर मोकळीकच, पण काय, कधीपर्यंत आणि कसं हवंय हे आधी ठरवून. फीडबॅक मात्र दोन्हीकडे सारखाच, चुकलं तर बाजूला घेऊन लगेच सांगा, अप्रेझलपर्यंत साठवून ठेवू नका.